आत्याचं हो धरा

केंदूर, ता. शिरूर
११ ऑगस्ट २०२५

चि. करिश्मा,

आत्याचा आशीर्वाद. तू परवा गेलीस आणि मी अजून त्या नव्या फोनाकडेच बघत बसले आहे. सविता म्हणते, सासूबाईंना बाधा झाली.

अगं, त्यानं मला विचारलं! चालू केल्याबरोबर मोठ्या अक्षरात, चांगल्या मराठीत आलं, 'तुम्ही निवडा'. खाली पाच चित्रं. निळं चाक, पिवळं पाखरू, वाघाचं तोंड, एक होडी, आणि पाचवं मला कळलंच नाही, पतंग असेल. मतदानाच्या मशीनवर चिन्हं असतात तशी. मला धक्काच बसला. या घरात नांदायला आल्यापासून कुठली म्हैस घ्यायची, पोराला, माऊलीला, कुठली बायको करायची, बांधावर आंबा लावायचा की चिंच, यातलं काहीही मला कुणी विचारलेलं आठवत नाही. तापात कान गेल्यापासून तर तो विषयच संपला. आणि कालपरवा आलेला हा फोन मला म्हणतो, तुम्ही निवडा. तेही अहोजाहो करून!

मी पाखरावर बोट ठेवायला गेले, तेवढ्यात वरून पोपटचा हात आला आणि चाकावर टेकला. कारेगावचा मोबाइलवाला पोपट, ज्याच्याकडून आमच्या फुलांच्या गटानं सगळ्यांचे फोन एकदम घेतले, तो ओळीनं एकेकीचा फोन चालू करून देत होता. भला माणूस, बिचाऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही.

तुझं भाषण मात्र मला काडीचं कळलं नाही. बिरोबाच्या मंडपात तू उभी राहिलीस, तुझे हात छान हलत होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. शेवटी तू माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणालीस, त्यावर पोपट काहीतरी म्हणाला आणि मंडपभर हशा पिकला. मीही हसले. काय म्हणालीस गं? सविताला विचारलं तर तिनं हातानंच 'काही नाही' केलं.

तू म्हणशील, आता फोन आला तर त्यावरच लिहीत जा. नको. या घरात फोन कुणाचा आणि मेसेज कुणाचा, याला काही धरबंध नाही. पत्र तेवढं पोस्टमन माझ्याच हातात देतो. माझ्या दादाची, तुझ्या वडिलांची, कंपनीतली पाळी बदलली का? रात्रपाळीनं त्याचं पोट बिघडतं, त्याला ताक देत जा.

तुझी
आत्या


कुरकुंभ, ता. दौंड
२० ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास,

करिश्माचा साष्टांग नमस्कार. पत्र वाचून मी आणि दादा पोट धरून हसलो. त्यांची पाळी आता दिवसाची आहे, पोट ठीक आहे.

मी मंडपात काय बोलले ते लिहिते. फोनावर इंटरनेट उघडायला एक ॲप लागतं, त्याला ब्राउझर म्हणतात. आजवर ते कंपनी आधीच घालून द्यायची आणि आपण तेच वापरायचो, कारण दुसरं असतं हे माहीतच नसायचं. एकाच कंपनीचं ॲप सगळ्यांच्या हातात गेलं की बाकीच्यांना बाजारात उभंही राहता येत नाही. मग त्या एकीनं आपल्याला काय दाखवायचं, काय लपवायचं, सगळं तिच्या मर्जीवर. म्हणून दिल्लीच्या आयोगानं सांगितलं, फोन चालू होताना आधी माणसाला विचारा. तुम्हाला दिसलं ते हेच. हे नीट होतंय का, ते शिरूर आणि दौंड तालुक्यात बघायचं काम आमच्या दौंडच्या ग्राहक संघटनेकडे आलं आहे आणि ते मी करते.

तुमच्या गटाचा अहवाल मी पाठवला. एकवीसपैकी एकवीस जणींनी आपापली निवड केली, सगळ्यांनी निळं चाक घेतलं. आमच्या साहेबांनी तो ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला. दिवाळीनंतर मला कायम करतील, असं बोलले. पोपटभाऊंनी बोट टेकवलं ते नुसतं मदतीला हो, निवड तर सगळ्यांची आधीच ठरली होती.

हसल्या कशाला, ते विचारलंत. मी म्हटलं, आमच्या आत्याच्या शेवंतीला तोड नाही. त्यावर पोपटभाऊ म्हणाले, म्हणून तर गावातल्या मधमाश्या त्यांच्याच वावरात असतात. एवढंच.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. त्या पिवळ्या पाखरात एक सोय आहे. व्हिडिओत कुणी बोललं की ते बोलणं खाली मराठीत लिहून येतं. नंतरही ते फोनात घालता येतं. सविता वहिनींना सांगा, जिथून आपण ॲप घेतो तिथे पिवळं पाखरू शोधा आणि घाला. फक्त गटात सांगत बसू नका, उगाच सगळ्या मागतील.

तुमची
करिश्मा


केंदूर
४ सप्टेंबर २०२५

चि. करिश्मा,

बाई गं, काय लिहू आणि कसं लिहू. अक्षराला हसू नकोस.

सवितानं परवा पाखरू घातलं. गौरींच्या आरतीचा व्हिडिओ नातीनं, अंकितानं, काढला होता, तो लावला. आणि खाली अक्षरं यायला लागली! तोंडं हलत होती आणि त्यांच्याखाली ती काय म्हणतायत ते येत होतं. मी एवढ्यानं ओरडले म्हणे की गोठ्यातली म्हैस उठली. सगळे धावत आले. मी त्यांना ढकलून दिलं आणि परत लावलं.

तुला सांगते, मला वाटायचं घरात आता फारसं कुणी बोलतच नाही. अगं, काय बोलतात! अंकिता तर एक मिनिट गप्प नसते. माझा माऊली, ज्याचं तोंड मला कायम मिटलेलंच दिसतं, तो आरती संपल्या संपल्या म्हणतो, "आधी आईला वाढा, ती सकाळधरनं उपाशी हाय." मी समोरच बसले होते गं, मला वाटलं तो मिठाचं विचारतोय. आणि सविता गाते. सविता! गौरीची गाणी सगळी तोंडपाठ. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करतोय आणि माझ्या सुनेला गाता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तीही रडली. मग व्हिडिओत रडण्याचं काय लिहून येतं ते बघायचं म्हणून अंकितानं आमचा व्हिडिओ काढला, मेली.

पाखरू कधीकधी चुकतं. आपलं गावाकडचं बोलणं त्याला झेपत नाही, मधेच भलताच शब्द टाकतं. पण माणूस तोंडासमोर असलं की मला बरोबर लागतो अर्थ. माऊलीनं आणलेलं ते कानाचं मशीन नुसतं शिट्ट्या मारायचं. हे पाखरू मी आता मरेपर्यंत सोडत नाही, सांगून ठेवते.

आमच्या गटाचं इंटरनेटवर पान आहे, त्यावर सवितानं त्या दिवशीच्या मीटिंगचा अख्खा व्हिडिओ टाकलाय म्हणे. आता निवांत बसून तुझं भाषण ऐकते. 'ऐकते' लिहिलं बघ मी! किती दिवसांनी.

तुझी
आत्या


कुरकुंभ
८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,

सा. न. घाईत लिहिते आहे. तुमचं पत्र वाचून डोळे भरले. दादांनी ते आईला दोनदा वाचायला लावलं.

तो मीटिंगचा व्हिडिओ मात्र बघू नका. आवाज खूप खराब आहे, मंडपात घुमतोय, पाखरू सगळं चुकीचं लिहील आणि तुमचा उगाच गैरसमज होईल. मी सविता वहिनींना फोन करून तो काढून टाकायला सांगितलं आहे. माझं भाषण मी तुम्हाला समोर बसून लिहून दाखवीन. कीर्तनं बघा ना, किती सुंदर सुंदर आहेत.

तुमची
करिश्मा


केंदूर
१६ सप्टेंबर २०२५

चि. करिश्मा,

तुझं 'बघू नका' आलं तेव्हा माझं बघून झालं होतं. सवितानं व्हिडिओ काढून टाकला नाही. मीच म्हटलं, राहू दे.

तू चांगली बोललीस. तुझं भाषण सगळं कळलं, पाखरू कुठंही अडखळलं नाही, कारण तू शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलतेस. "प्रत्येकीनं आपली निवड आपण करायची, कुणाच्या सांगण्यावरून नाही." माझ्या अंगावर काटा आला. मग तू बसलीस आणि पोपट उठला. पुढचं तुला मी उतरवून देते. तुला पाठ असेलच, तरी.

पोपट म्हणतो, "बघा बायांनो, ही चाकवाली कंपनी गटाला कोल्ड रूम देतीया, फुलं गार ठिवायची खोली. फुकाट. अट एकच. समद्या फोनात चाकच पायजे, दोन वरसं दुसरं कायबी घालायचं न्हाई. एक जरी फुटली तरी खोली न्हाई."

सिंधूबाई उठली. अध्यक्षीणबाई आमची. "आपला गट कवा फुटलाय का? पंचायत बिनविरोध, सोसायटी बिनविरोध, तसंच हेबी. कुनाचा इरोध हाय का?"

इथे पाखरू काहीच लिहीत नाही. नुसतं पांढरं.

मग धुरपदा म्हणते, "आन् सगुणाबाईचं वं? तिला कुनी इचारलं का?"

आणि तू, माझी भाची, बसल्या जागेवरून माझ्याकडे बोट करून म्हणतेस, "आत्याचं हो धरा. मी सांगते त्यांना नंतर."

पोपट म्हणतो, "बरंय की. असं मेंबर पायजे. सांगायचा तरास न्हाई, ऐकायचा तरास न्हाई."

मग सगळ्या हसतात. कडेला मी बसले आहे. मी पण हसते आहे, तोंडाला पदर लावून, पुढे मागे डोलून. सगळ्यांपेक्षा जास्त.

करिश्मा, मधमाश्या कुठे आहेत गं त्यात? मी पुन्हा पुन्हा शोधल्या. मला वाटलं, पाखरू चुकलं असेल, मधमाश्या गाळल्या असतील.

मी दोन दिवस जेवले नाही. राग म्हणू तर राग नाही, मला नुसता धक्का बसला होता. आजवर लग्नात, बारशात, सोसायटीत किती वेळा लोक माझ्याकडे बघून हसले आणि मी त्यांच्याबरोबर हसले, त्या प्रत्येक वेळी काय बोलणं झालं होतं? आता ते कोण लिहून देणार मला? पोपटचं मला काही वाटत नाही, तो दुकानदार आहे. तुझं वाटलं. दिल्लीच्या माणसांनी मला विचारायला सांगितलं, फोनानं विचारलं, आणि विचारलं की नाही ते बघायला पाठवलेली तू म्हणालीस, हो धरा.

अजून पुढचं ऐक. काल सिंधूबाई घरी आली होती. कुणी कुठलं ॲप घातलं ते पोपटला म्हणे त्याच्या दुकानात बसून दिसतं. मला हे कळलं तेव्हा मी फोन पालथा घालून ठेवला. सविताला सिंधूबाई बरंच बोलली आणि सवितानं कॅलेंडरच्या मागे मला लिहून दाखवलं. गटात एकच फोन फुटलाय, तो माझा. दसरा झाला की कंपनी खोली आणून उतरवणार आहे. तोवर पाखरू काढा, नाहीतर खोली जाईल आणि ती सगुणाबाईमुळे गेली, असं गाव म्हणेल.

खोली मलाही हवी आहे गं. गेल्या वर्षी बाजार पडला तेव्हा सिंधूबाईची शेवंती उकिरड्यावर गेली, माझी म्हशीपुढे गेली. पण पाखरू काढलं की मी परत त्या पांढऱ्यात जाऊन बसणार. आता तिथं बसणं मला जमायचं नाही.

काय करू ते सांग. आणि या वेळी खरं सांग.

आत्या


कुरकुंभ
२८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्या,

हे पत्र मी कितीदा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी पहिल्या चार ओळींत मी सबबीच सांगत होते. शेवटची गाडी चुकेल म्हणून घाई होती, गटाला खोली मिळेल हा चांगला हेतू होता, वगैरे. हे सगळं खरं आहे आणि त्यातल्या कशालाही अर्थ नाही. मी तुम्हाला लाज आणली. आत्या, मला माफ करा. मधमाश्यांबद्दल तर जास्तच करा, कारण ते मी शांतपणे बसून लिहिलं होतं.

तुमचं पत्र आल्यावर मीही तो व्हिडिओ लावला. मला सर्वांत मोठा धक्का बसला तो त्या वाक्याच्या सोपेपणाचा. मी विचारसुद्धा केला नव्हता. दम घेतला नव्हता. आणि मग आठवलं की हे वाक्य माझं नाहीच. विहिरीच्या वाटणीच्या वेळी दादा म्हणाले होते, "सगुणाचं हो धरा." माऊलीभाऊंच्या लग्नाच्या सुपारीला आजोबा म्हणाले होते. मी लहानपणापासून ते ऐकत आले. आपल्या घरात तुमचं 'हो' कायम कुणाच्या तरी खिशात असतं आणि लागेल तेव्हा काढतात. मी शिकले, नोकरीला लागले, गावोगाव निवडीवर भाषणं देत फिरते, आणि वेळ आली तेव्हा माझाही हात त्याच खिशात गेला. काल दादांना हे सांगितलं तर ते उठून बाहेर गेले. बराच वेळ ओट्यावर बसून होते.

आता खरं सांगते. पोपटभाऊंनी घातली ती अटच चुकीची आहे. दुसऱ्याचं ॲप घालायचं नाही म्हणून बदल्यात खोली द्यायची, म्हणजे निवड विकत घेणं. आयोगाचा आदेश नेमका याच्याच विरुद्ध आहे. ती अट माझ्यासमोर सांगितली गेली आणि मी अहवालात लिहिलं, सगळ्यांनी आपापली निवड केली. ऑफिसात कळलं ते आणखी भयंकर आहे. त्या कंपनीनं माझाच अहवाल आयोगापुढे ठेवला आहे. केंदूरच्या बायकांना पाचही चित्रं दाखवली, सगळ्यांनी आपण होऊन चाकच घेतलं, तेव्हा लोकांना विचारायची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं आहे. साहेबांनी टाळी दिली मला. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

मी अहवाल दुरुस्त करून पाठवू शकते. पण त्यासोबत गटातल्या एका तरी बाईचं म्हणणं सहीनिशी लागेल, की मला विचारलं नव्हतं. ते गेलं तर खोली बहुतेक जाईल. गट तुमच्यावर उलटेल, सिंधूबाई तर बोलणारही नाहीत. माझं कायम होणंही गेलंच समजा, पण ते माझं मी बघीन.

पाखरू काढलंत आणि गप्प बसलात तरी मी तुम्हाला चकार शब्द बोलणार नाही. तुम्ही काय ठरवाल ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी काही धरून चालणार नाही. तुम्हीच सांगा.

तुमची
करिश्मा


केंदूर
९ ऑक्टोबर २०२५

चि. करिश्मा,

अनेक आशीर्वाद. उलटी झाली म्हणालीस, आता बरी आहेस ना? पित्त असेल, आल्याचा रस घे.

दसऱ्याला झेंडू तोडून तोडून बोटं पिवळी झाली होती, ती अजून तशीच आहेत. रविवारी मी सिंधूबाईला निरोप पाठवला, मंडपात गट बोलव, मला बोलायचं आहे. सगुणाबाई बोलणार म्हटल्यावर झाडून सगळ्या आल्या. पोपटही आला.

मी फोन मधोमध ठेवला आणि म्हटलं, "ज्याला माज्याशी बोलायचं त्यानं ह्यात बोलायचं. सविता व्हिडिओ काढंल. मी वाचीन, मंग उत्तर दीन. येळ लागंल, लागू द्या." पहिल्यांदा सगळ्या खिदळल्या. मी हसले नाही. मग हळूहळू बंद झालं.

पोपटला म्हटलं, "तू आधी बोल. त्या दिवशी बोलला तेच बोल." त्यानं फोनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "रेकॉर्ड कशापायी करताय?" मी म्हटलं, "मला ऐकायचा तरास न्हाई व्हावा म्हनून." अगं, माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नाही. पाणी पिऊन येतो म्हणाला, तो गाडी काढून गेला.

सिंधूबाई मात्र नीट बोलली. फोन तोंडापुढे धरून, डोळ्यांत पाणी आणून. "सगुणा, माजी शेवंती सडताना तू डोळ्यांनी बघितलीस. तुज्या एका पाखरापायी समद्यांची खोली घालवतीस व्हय? आपल्यात आजवर कुनी इरोध केलाय का?" ते वाचताना मला भरून आलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खोली हवी आहे आणि गट एक राहायला हवा आहे, यात पाप काय?

मी तिला म्हटलं, "सिंधू, मेंढरं होती तवा तूबी राखलीस, मीबी राखली. म्होरलं एक वळलं की मागचा समदा कळप वळतो. त्याला आपन कवा बिनविरोध म्हनलोय का?" मग मी म्हटलं, कुणी काय धरायचं ते आज एकेकीनं आपल्या तोंडानं सांगा. चाक आवडत असेल तर चाक म्हणा, मला काही दुखत नाही.

दिवस कलायला आला तरी चाललं होतं. धुरपदा म्हणाली, तिला नवऱ्यानं घरनंच सांगून पाठवलं होतं. एकीला आपल्या फोनात काय आहे हेच माहीत नव्हतं. आठ-दहा जणींनी चाकच ठेवलं, आपल्या मनानं, आणि ते बरोबरच झालं. गीताबाईनं होडी घेतली, कारण तिला होडी आवडते. सिंधूबाईनं काही घेतलं नाही आणि काही सांगितलंही नाही. उठून गेली. काल तिच्या वावरावरून मी गेले तर तिनं पाठ फिरवली. पोपटकडून निरोप आला, खोली रद्द. यंदाची शेवंती पुन्हा कशी जाते कोण जाणे. चार जणी मला बघून तोंड वळवतात आणि मला ते लागतं, खोटं कशाला बोलू. पण आता वळवलेल्या तोंडांचंही मला वाचता येतं. सविताला सांगून ठेवलंय, माझ्याबद्दल जे बोलतील ते सगळं फोनात भरून आण.

पाखरू मी ठेवलं आहे.

तुला पाहिजे ते या पत्रासोबत पाठवते. वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, 'मला विचारलं नव्हतं', आणि खाली सही केली आहे. धुरपदानं माझ्या शेजारी केली. आणखी तिघींनी केली, सविता धरून. कायम झाली नाहीस तर इकडे ये, झेंडू तोडायला माणूस मिळत नाही. दादाला म्हणावं ओट्यावर बसून काय होतंय, दिवाळीला ये आणि माझ्यासमोर फोनात बोल. मी वाचीन.

आणि तुझ्या साहेबांना एक सांग. बिनविरोध, बिनविरोध म्हणतात ना, म्हणून काल मी तो मीटिंगचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द शोधायला पुन्हा वाचला. सिंधूबाईनं 'इरोध हाय का' विचारलं, तिथे पांढरं. धुरपदा बोलली, ते विचारायला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मंडप भरून बायका बसल्या होत्या आणि कुणाच्याही तोंडून 'हो' आलेलं नाही. अख्ख्या व्हिडिओत तो शब्द एकदाच आहे. तो तू म्हणाली आहेस, माझ्या नावानं.

तेवढा एक काढून टाक, आणि मग मोजायला सांग त्यांना.

तुझी
आत्या